आधी मुलींना खोल्या, मग स्मृतिदालन

माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या संस्थेने काढलेली 'स्त्रीशिक्षण स्मृतिदालन' ही पुस्तिका गेल्या आठवड्यात हातात पडली. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई, मलपृष्ठावर देणगीदारांची यादी. विद्यापीठाने स्त्रियांना प्रवेश दिला त्या इतिहासाचं आपल्या तालुक्यात दालन व्हावं, तिथे तसबिरी असाव्यात, भिंतीवर सनावळी असावी, दीडशे खुर्च्यांचं वातानुकूलित सभागृह असावं, ८ मार्चला भूमिपूजन व्हावं, असा संकल्प. वाचून बरं वाटलं. मग शेवटून दुसऱ्या पानावरचा नकाशा पाहिला. दालन उभं राहणार आहे ते मुलींच्या वसतिगृहाच्या जागेवर. वसतिगृह 'जुने व धोकादायक' झालं असल्याने परीक्षा संपल्या की रिकामं करायचं आणि पावसाच्या आधी पाडायचं.

हा ठराव एकमताने झाला असंही पुस्तिकेत आहे. कार्यकारिणीवर दोन बायका आहेत. त्यांनीही हात वर केला असेल तर हे पत्र त्यांनाही आहे.

संस्थेच्या पत्त्यावर मी आधी लिहिलं होतं. पोच आली, उत्तर आलं नाही. चौकशीला गेलेल्या माजी विद्यार्थिनींना 'विषय संपलाय' असं कार्यालयातून सांगितलं गेलं. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. देणगीदारांनी वाचावं, मुंबई मंडळाच्या लोकांनी वाचावं, आणि ज्यांच्या मुली यंदा बारावीला आहेत त्यांनी तर जरूर वाचावं.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मी त्या वसतिगृहात राहून बी.एस्सी. झाले आणि पुढे नोकरीभर हायस्कूलला गणित शिकवलं. आमचं गाव खाडीपलीकडे. तेव्हा पूल नव्हता. होडी चालायची ती उजेड असेपर्यंत, आणि आगोट, म्हणजे पावसाळ्याचं तोंड, लागली की वारा आणि भरती बघून, होडीवाल्याच्या मनात आलं तर. माझ्या आधी आमच्या वाडीतल्या दोघी अकरावीला गेल्या होत्या. पहिल्याच पावसात दोघी घरी बसल्या, पुढच्या वैशाखात दोघींची लग्नं झाली. त्यांतल्या एकीचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे मी शिष्टाचार म्हणून म्हणत नाही. आमच्यात फरक एवढाच की माझ्या वर्षी वसतिगृहात एक खाट रिकामी होती.

आपल्यापैकी किती जणांनी ती इमारत आतून पाहिली आहे मला माहीत नाही. पुरुषांना व्हरांड्याच्या पुढे यायला बंदीच होती. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, मागे आंब्याची दोन कलमं. खोलीत चार खाटा, चार ट्रंका, एक बल्ब. मेस नियमाने शाकाहारी. पण कपड्यांच्या घडीखाली सुक्या जवळ्याच्या चटणीची बाटली नाही अशी ट्रंक माझ्या तरी पाहण्यात नव्हती, आणि रेक्टरबाईंना वास येत नव्हता असंही नाही. त्या फक्त सोमवारी आणि चतुर्थीला नाक मुरडत. दाराशी एक लांबुळकी वही असे. तारीख, वेळ, कुठे जाणार, कोणाबरोबर, त्याचं नातं, परत कधी. प्रत्येक मुलीने सही करायची आणि नेणाऱ्यानेही करायची. त्या वहीचा मला आज राग येतो. वीस वर्षांच्या मुलीला बाजारात जायला भावाची सही लागत होती. पण माझ्या वडिलांनी पहिल्या दिवशी ती वही मागून घेतली, चार पानं उलटून पाहिली, आणि मगच डोक्यावरची ट्रंक खाली ठेवली, हेही मी विसरू शकत नाही. वही नसती तर ट्रंक तशीच परत गेली असती.

आता पुस्तिकेतल्या इतिहासाबद्दल. पान तीनवर लिहिलं आहे की महर्षी कर्व्यांनी स्त्रियांना विद्यापीठाचं दार उघडून दिलं. कर्व्यांबद्दल मला आदर आहे, आणि ते आपल्याच भागातले, मुरुडचे, याचा अभिमानही आहे. पण हे वाक्य चूक आहे, आणि दालनाच्या भिंतीवर कोरण्याआधी ते सुधारावं.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. तिथे परीक्षा आणि पदव्या स्त्रियांना खुल्या झाल्या १८८३ मध्ये, सिनेटच्या ठरावाने. त्या वर्षी धोंडो केशव कर्वे पंचवीस वर्षांचे होते आणि स्वतःच एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते, त्यांची बी.ए. १८८४ ची. दार उघडलं तेव्हा ते आत बाकावर बसलेले होते. त्याच १८८३ मध्ये कलकत्त्यात कादंबिनी बसू आणि चंद्रमुखी बसू पदवीधर झाल्या, म्हणजे कलकत्ता विद्यापीठ आपल्या पुढे होतं. लंडन विद्यापीठाने पदव्या १८७८ मध्येच खुल्या केल्या होत्या.

राजाबाई टॉवरचं उदाहरण तर आपल्या दालनात असायलाच हवं. प्रेमचंद रायचंदांनी देणगी दिली आणि टॉवरला आईचं नाव द्यायला लावलं. टॉवर पुरा झाला १८७८ मध्ये. म्हणजे पाच वर्षं विद्यापीठाच्या आवारातल्या सगळ्यात उंच वास्तूला नाव बाईचं होतं आणि खाली परीक्षेला बसायची परवानगी एकाही बाईला नव्हती. आपल्या नकाशाकडे बघताना मला सारखा तो टॉवर आठवतो.

मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६ चा. कॉलेज पुण्याचं डेक्कन. परीक्षेत ती इतकी वर आली की इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिलाच मिळायची, पण बाई म्हणून नाकारली गेली. शेवटी इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला समरव्हिलमध्ये दाखल झाली. १८९२ मध्ये तिने कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली. पदवी तिला मिळाली १९२२ मध्ये, कारण ऑक्सफर्डने बायकांना पदव्या देणं सुरू केलं तेच मुळी १९२० पासून. केंब्रिजने तर १९४८ पर्यंत वेळ लावला.

या सनावळीत एक गोष्ट आहे जी पुस्तिका लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटली, आणि माझं सगळं म्हणणं तिच्यावरच आहे. ऑक्सफर्डमध्ये समरव्हिल आणि लेडी मार्गारेट हॉल ही मुलींच्या निवासाची घरं १८७९ मध्ये उघडली. केंब्रिजचं गर्टन १८६९ चं. तिथे मुलींना राहायला खोल्या आधी मिळाल्या, पदव्या चाळीस-ऐंशी वर्षांनी. आपल्याकडे उलटं झालं. पदवी १८८३ मध्येच कागदावर खुली झाली. पण देवरुखच्या, मालवणच्या, हर्णैच्या मुलीने मुंबईला जाऊन राहायचं कुठे, याचं उत्तर कोणी दिलं नव्हतं. मुलांचं भागत होतं. चाळीत कोणाचं तरी बिऱ्हाड असायचं, खानावळ असायची, वार लावून जेवता यायचं. स्वतः कर्वे लहानपणी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत घाट चढून पायी गेले आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून परत पाठवले गेले. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी असं चालत जाऊ शकली असती का? वाटेत मुक्काम कोणाच्या ओटीवर केला असता?

आनंदीबाई जोशींचं बघा. अलिबागला गोपाळरावांची पोस्टात नोकरी होती, तिथे त्या राहिल्या आहेत, म्हणजे त्याही आपल्या किनाऱ्याच्याच म्हणायच्या. १८८३ मध्येच त्या कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. तिथल्या शिक्षणाचं श्रेय पेनसिल्व्हेनियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिलं जातं, ते योग्यच आहे. पण बोटीतून उतरल्यावर त्यांना घरात घेतलं ते न्यू जर्सीत रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी. ते घर नसतं तर कॉलेजच्या प्रवेशपत्राचं काय करायचं होतं?

आणि देवरुखच्या जोशांची गोदूबाई. लहानपणी लग्न झालं, काही महिन्यांत वैधव्य आलं, पुढची वर्षं घरकामात गेली. भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होते आणि कर्व्यांच्या बिऱ्हाडी राहत होते. ११ मार्च १८८९ ला पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी ही. शारदा सदनात शाळा होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथे राहता येत होतं. केस वाढवता येत होते, पोटभर जेवता येत होतं, दिवा लावून वाचता येत होतं. ११ मार्च १८९३ ला कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई, सगळ्यांची बाया कर्वे झाली. मुरुडने दोघांवर बहिष्कार टाकला. आज त्याच मुरुडच्या नावाने आपण अभिमान मिरवतो, हे असो.

तिची बहीण पार्वतीबाई आठवले. तीही देवरुखची, विशीत विधवा झालेली, पदरात मुलगा. उशिरा शिकली, कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमात काम करू लागली, आणि आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडली. १९१८ मध्ये अमेरिकेला गेली. इंग्रजी शिकायचं म्हणून लोकांच्या घरी घरकाम केलं, आणि आश्रमासाठी मदत गोळा करून परत आली. तिच्या वर्गणीतून भागत होतं ते मुलींचं जेवण, अंथरूण आणि डोक्यावरचं छप्पर. हिंगण्याला १९०० मध्ये पहिल्यांदा उभी राहिली ती झोपडी होती, आणि कर्वे फर्ग्युसनमधले तास संपवून रोज चालत तिथे जात. सभागृह फार नंतरचं.

पुस्तिकेच्या सोळा पानांत बाया कर्व्यांचं नाव एकदा आहे, 'महर्षींच्या सुविद्य पत्नी' असं. पार्वतीबाईंचं एकदाही नाही. कॉर्नेलिया नाही, रमाबाई नाहीत. तसबिरींच्या यादीत अकरा पुरुष आणि सावित्रीबाई. सावित्रीबाईंची तसबीर लावली की बाकीच्या बायका लावायच्या राहिल्या तरी चालतं, असा आपल्याकडे एक समज आहे.

कर्व्यांचं खरं श्रेय त्या चुकीच्या वाक्यापेक्षा मोठं आहे. १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. १९१६ मध्ये विद्यापीठ सुरूही झालं, मूठभर मुलींवर. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं. शिकवणं मातृभाषेतून होतं. गृहीतागमा ही त्यांची पदवी, आणि बरीच वर्षं सरकार ती मानत नव्हतं. कर्व्यांच्या अभ्यासक्रमात गृहिणीधर्मावर जो भर होता तो मला पटत नाही. आमच्या वसतिगृहात असता तर मी गणित सोडून शिवण शिकले असते. पण मुंबई विद्यापीठाचं दार तेहतीस वर्षं उघडं असूनही त्यातून किती कमी मुली आत जातात, हे त्यांनी पाहिलं होतं. इंग्रजी येत नाही, राहायला जागा नाही, घरचे पाठवत नाहीत. त्या अडचणींना धरून त्यांनी संस्था बांधल्या. आपण त्यांच्या नावाने त्यातली एक अडचण परत उभी करतो आहोत.

आता पुस्तिकेत आणि कार्यालयात दिलेल्या कारणांकडे येते.

पहिलं कारण, इमारत धोकादायक आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्या पट्ट्यातल्या निम्म्या घरांची कौलं उडाली, वसतिगृहाचीही उडाली. मुलांच्या वसतिगृहावर त्याच वर्षी नवे पत्रे चढले. मुलींच्या वसतिगृहावर निळी ताडपत्री आली आणि ती अजून आहे. दर पावसाळ्यात ती फाटते, दर पावसाळ्यात नवी येते. वासे त्यामुळे भिजले. चिऱ्याच्या भिंतींना काही झालेलं नाही, हे जाऊन कोणीही पाहावं. स्ट्रक्चरल ऑडिट झालं असेल तर त्याचा अहवाल दाखवा. झालं नसेल तर 'धोकादायक' हा शब्द कुठून आला? ताडपत्री घालून इमारत भिजवायची आणि मग भिजली म्हणून पाडायची, याला आमच्याकडे सरळ शब्द आहे, पण मी तो लिहीत नाही.

दुसरं, मुलींची संख्या घटली. घटली आहे, खरं आहे. का घटली? रेक्टरची जागा रिकामी आहे आणि कार्यभार मुलांच्या वसतिगृहाच्या सरांकडे आहे. कोणता बाप मुलीला अशा ठिकाणी ठेवेल? न्हाणीघरांपैकी एकच चालू आहे. मेस बंद करून डबा लावायला सांगितलं. आणि वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबर मिळत नाही, प्रवेश पक्के झाल्यावर मागून घ्यावा लागतो. तोवर मुलीने कॉलेज बदललेलं असतं किंवा कॉलेजच सोडलेलं असतं. गेल्या जूनमध्ये आमच्या शेजारच्या वाडीतली एक मुलगी आईबरोबर अर्ज मागायला आली, तिला 'यंदा ठरलेलं नाही, गणपतीनंतर या' असं सांगितलं. गणपतीनंतर कॉलेजचं अर्धं सत्र संपलेलं असतं. ती आता आंब्याच्या कॅनिंगला जाते.

तिसरं, 'हल्ली मुली अप-डाऊन करतात'. करतात, ज्यांना जमतं त्या करतात. सायन्सचं प्रॅक्टिकल संपतं पाचला आणि आमच्या बाजूची शेवटची गाडी सुटते त्याच्या आधी. प्रॅक्टिकल अर्धं टाकून पळणाऱ्या मुली मी स्टँडवर रोज बघते, अंगात एप्रन तसाच. जुलैत घाटात दरड आली की दोन दोन दिवस गाडीच नाही. पूल झाला म्हणून खाडी आटलेली नाही. पुलापासून आमच्या वाडीपर्यंत चढण आहे आणि तिथे दिवे नाहीत. आणि पासाचा हिशोब आपल्याला ठाऊक असेलच. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास आहे तो बारावीपर्यंत. तेरावीला गेली की सवलतीचा पास, म्हणजे एक तृतीयांश भाडं खिशातून. शाळा गावात असते तोवर प्रवास फुकट, आणि कॉलेज लांब असतं तेव्हा पैसे. हे सरकारचं आहे, आपलं नाही, मान्य. पण आपण त्यात भर घालायला नको.

चौथं कारण पुस्तिकेत नाही, तोंडी सांगितलं जातं: 'मुलींची जबाबदारी कोण घेणार? काही झालं तर?' पंधरा-वीस मुलींची जबाबदारी जड होते, आणि दीडशे खुर्च्यांच्या सभागृहाची होत नाही. मुलांच्या वसतिगृहात मागे काय काय झालं ते गावाला माहीत आहे. तेव्हा ते बंद करायचा ठराव कोणी मांडला नाही.

पाचवं, सर्वात खरं आणि कोणी उघड न बोलणारं कारण मीच सांगते. देणगीदारांना सभागृह हवं आहे. सभागृहावर नाव लागतं, उद्घाटनाला मंत्री येतो, भाड्याने देता येतं, लग्नंही लागतील. न्हाणीघराच्या दुरुस्तीवर कोणी नावाची पाटी लावत नाही. मी देणगीदारांना दोष देत नाही. मुंबईत राहून गावासाठी पैसे काढणारी ही माणसं आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या आया-बहिणी याच वसतिगृहात राहिल्या आहेत. त्यांना खरी परिस्थिती सांगितलीच गेली नाही असं मला वाटतं. 'जुनी पडीक इमारत' एवढंच सांगितलं असणार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोकण विभाग राज्यात पहिला, अशी बातमी दरवर्षी येते, आणि मुली मुलांच्या पुढे, हे त्याच बातमीचं दुसरं वाक्य. आपणही फलक लावता, पेढे वाटता. देशपातळीवर २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात मुलींचं नोंदणीचं प्रमाण २८.५ टक्के आणि मुलांचं २८.३ होतं, म्हणजे आता मुली मागे राहिलेल्या नाहीत, असं एका सभासदांनी मला ऐकवलं. आकडा बरोबर आहे. पण तो अख्ख्या देशाचा आहे आणि त्यात खाडीपलीकडची वाडी दिसत नाही. शिवाय चार मुलींतल्या जवळपास तिघी त्या आकड्यातही बाहेरच आहेत. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. चांगलं केलं. त्या माफीत खाट येत नाही, जेवण येत नाही. ते कोणीतरी स्थानिक पातळीवर द्यायचं असतं, आणि आपली संस्था इतकी वर्षं ते देत आली आहे. हे मी आपलं कौतुक म्हणूनही लिहिते आहे. आपल्या आधीच्या मंडळींनी वसतिगृह बांधलं तेव्हा आमच्या वाडीनेही वर्गणी काढली होती. पैसे नव्हते त्यांनी नारळ दिले, भात दिलं, दोघांनी कौलांची बैलगाडी विनामोबदला ओढली. आमच्या घरून काय गेलं होतं ते आई शेवटपर्यंत सांगायची.

आमच्या मागण्या अशा आहेत.

वसतिगृह पाडण्याचा ठराव मागे घ्या, निदान येत्या शैक्षणिक वर्षापुरता स्थगित करा. भूमिपूजन त्या जागेवर होऊ नये.

पावसाच्या आधी छप्पर करा. कौलं मिळत नसतील तर पत्रे चालतील, मुलांना चालले तसे. वासे बदलायला लागतील ते बदला. खर्चाचा अंदाज काढा आणि जाहीर करा. माजी विद्यार्थिनी वर्गणी काढायला तयार आहेत.

रेक्टर म्हणून पूर्णवेळ बाई नेमा, जून उजाडायच्या आत. न्हाणीघरं दुरुस्त करा. मेस पुन्हा सुरू करा. गावातला एखादा महिला बचत गट हे काम आनंदाने घेईल, विचारून पाहा. जेवण शाकाहारी ठेवलंत तरी आमची हरकत नाही, ट्रंका तपासू नका म्हणजे झालं.

वसतिगृहाचा अर्ज प्रवेश अर्जाबरोबरच द्या, आणि तारीख सूचनाफलकावर लावा.

दालन जरूर करा. ग्रंथालयाच्या वरचा मजला वर्षानुवर्षं मोडक्या बाकांनी भरलेला आहे, तो मोकळा करा. बायांना आणि पार्वतीबाईंना त्यांच्या स्वतःच्या नावाने जागा द्या, रमाबाईंना आणि कॉर्नेलियाला द्या. राजाबाई टॉवरचं वर्षही लिहा. आणि आपल्या वसतिगृहाच्या पहिल्या रेक्टरबाई, स्वयंपाक करणाऱ्या मावशी, यांचे फोटो आमच्यापैकी कोणाकोणाकडे आहेत, ते आम्ही आणून देऊ. ती लांबुळकी वही सापडली तर तीही काचेत ठेवा. इतिहास म्हणून तिच्याइतका अस्सल कागद आपल्या संस्थेत दुसरा नसेल.

उद्घाटनाला ८ मार्चच हवा असं नाही. ११ मार्च बघा. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो दिवस ११ मार्च १८८६. शारदा सदन उघडलं तो आणि बायांचं लग्न झालं तोही ११ मार्च, हे वर आलंच आहे. तीन गोष्टी एकाच तारखेला आल्या आहेत आणि त्यांतल्या दोन बायकांना राहायला घर मिळण्याच्या आहेत. अर्थात छप्पर झाल्यावर, पुढच्या वर्षीचा ११ मार्च.

शेवटची मागणी कागदाची. वसतिगृहाची जागा बक्षीस म्हणून मिळालेली आहे. देणाऱ्या घरातली जुनी माणसं सांगतात की बक्षीसपत्रात 'मुलींच्या निवासासाठी' अशी अट लिहिली होती. ती अट आहे की नाही हे एका दिवसात कळण्यासारखं आहे. बक्षीसपत्राची नक्कल, ठरावाची नक्कल आणि ऑडिटचा अहवाल, तिन्ही कागद महिनाअखेरच्या आत कॉलेजच्या सूचनाफलकावर लावावेत. पुढच्या बैठकीची तारीख आणि वेळही तिथेच लावावी. आम्ही माजी विद्यार्थिनी त्या बैठकीला येणार आहोत. दुपारची वेळ ठेवलीत तर खाडीपलीकडच्यांना संध्याकाळच्या गाडीने परत जाता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपल्या वसतिगृहाची एक माजी विद्यार्थिनी